एप्रिलमध्ये तीन वर्षांच्या लॅब्राडॉरला घेऊन लोणावळ्याकडून एका दिवसात राजमाची किल्ल्याला जाऊन यावं का? त्या बाजूला कुत्रा चालेल अशी हॉटेलं कशी शोधावीत?

लोणावळ्याकडून एका दिवसात जाऊन-येऊन करायचं म्हणताय. एप्रिलमध्ये नका करू. हॉटेलचं खाली लिहितो, पण आधी हे, कारण "कुत्रा दमला की आपणहून बसतो" या वाक्यावरून माझे अनेकांशी वाद झालेत. लॅब बसत नाही. मालक पुढे चालतोय तोवर तो मागे येत राहतो, आणि बसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

लोणावळ्यातल्या तुंगार्लीवरून उधेवाडी, म्हणजे किल्ल्याखालचं गाव, साधारण १५ किलोमीटर. वाट बरीचशी सपाट, म्हणून लोक तिला सोपी म्हणतात. माणसाला ती सोपीच आहे. कुत्र्याला मात्र आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजांना येतो. बाकीची बहुतेक उष्णता धापा टाकून बाहेर काढायची, आणि हवा दमट असली की तेही नीट जमत नाही. त्यात पोट तापलेल्या जमिनीपासून जेमतेम दीड वीत वर. हाताची मागची बाजू सात सेकंद कातळावर टेकवून बघा. चटका बसला तर त्याचे पंजेही तिथे पडता कामा नयेत. पंजा सोलवटला तर ३० किलोचं जनावर उचलून कोण आणणार?

चालताना जिभेकडे लक्ष ठेवा. ती टोकाशी पसरट होऊन कडा वर वळल्या की तिथेच सावलीत थांबायचं, धाप पूर्ण बसेपर्यंत. याच्या पुढची पायरी म्हणजे लाळ घट्ट होऊन तारेसारखी लोंबते, हिरड्या लालभडक होतात, मागचे पाय लटपटतात. हा उष्माघात. साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. थर्मामीटर जवळ असू द्या. गुदद्वारातलं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस, ४१ च्या वर जिवावर बेततं. ३९.५ पर्यंत उतरलं की पाणी थांबवा, नाहीतर अंग नको तितकं गार पडतं. त्यानंतर तो शेपटी हलवायला लागला तरी डॉक्टरकडे न्याच. मूत्रपिंडाचा आणि रक्त न गोठण्याचा त्रास एक-दोन दिवसांनीही उमटतो.

डिसेंबर-जानेवारीत मात्र जरूर जा. उजाडता निघा, उधेवाडीत मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. त्याच्या एकट्यासाठी ३ लिटर पाणी घ्या. दर वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा, एकदम ढोसलं की उलटी होते. पोटभर खाणं निघण्याआधी तीन तास. गळपट्ट्याऐवजी पाठीवर मूठ असलेला हार्नेस घाला, म्हणजे दगडावरून वर घेताना मान आवळत नाही. गावात साखळी सोडायची नाही. तिथे कोंबड्या-शेळ्या असतात आणि तो कुणाचा तरी संसार असतो. ज्यांच्या घरी उतरणार त्यांना कुत्रा असल्याचं आधीच फोनवर सांगा.

"गावातली कुत्री उन्हात फिरतातच की" असंही मला नेहमी ऐकवतात. मे महिन्यात भर दुपारी कुठल्याही गावात जाऊन बघा. सगळी पडवीत नाहीतर भिंतीच्या सावलीत माती उकरून पडलेली असतात. त्यांना कुणी साखळीला धरून ओढत नाही, म्हणून ती जगतात.

गोचिडांचं राहिलंच. गोळी डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी द्या. घरी आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखालचा भाग बोटांनी चाचपा. गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल-तेल लावत बसू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं किंवा हिरड्या फिक्या दिसल्या तर रक्त तपासा.

आता हॉटेल. मी नावं देणार नाही, नियम फार बदलतात. "पेट फ्रेंडली" या शब्दावर जाऊ नका, फोन करून तीन गोष्टी विचारा: कुत्रा आमच्याच खोलीत झोपेल की पिंजऱ्यात, आवारात मोकळी कुत्री आहेत का, आणि आम्ही जेवायला गेल्यावर तो कुठे थांबेल. तिसऱ्याचं उत्तर "गाडीत" असं आलं तर दुसरं हॉटेल बघा. काचा थोड्या उघड्या ठेवूनही बंद गाडी उन्हात काही मिनिटांत भट्टी होते.

आणि राजमाचीऐवजी हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकर डोक्यात असेल तर तो विचार सोडा. दोन्ही अभयारण्यात येतात. डिस्टेंपरसारखे कुत्र्यांचे रोग रानातल्या प्राण्यांना लागतात. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरही कासवांच्या अंडी घालण्याच्या हंगामात त्याला नेऊ नका, तो वासावर घरटी उकरतो.