तिसऱ्या कोर्सआधी रक्त तपासा

प्रश्न : माझ्या भावाचं वय 34. लहानपणी सांधे सुजून ताप आला, तेव्हापासून हृदयाची एक झडप खराब आहे. दर 21 दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन न चुकता घेतो. आता तीन आठवडे ताप आहे. टायफॉईड समजून दोनदा अँटिबायोटिक दिली. गोळ्या संपल्या की ताप परत येतो. डॉक्टरांना झडपेत जंतुसंसर्गाची शंका आहे. इंजेक्शन चालू असताना तो होईलच कसा? महिनाभर दवाखान्यात राहावं लागेल का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) दिल्याशिवाय तिसरा कोर्स सुरू करू नका. घोळ होतो तो इथेच! गोळ्यांनी रक्तातले जंतू तात्पुरते दबतात, कल्चर कोरं येतं आणि मग औषध अंदाजानेच निवडावं लागतं. रक्त तीन वेळा, वेगवेगळ्या शिरांतून घेतात. पहिल्या आणि शेवटच्या नमुन्यात किमान एक तासाचं अंतर हवं. मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त लागतं, कमी भरलं तर जंतू हुकतात. तब्येत फार खालावली असेल तर मात्र नमुने घेऊन लगेच औषध सुरू करतात.

छातीवरून केलेल्या एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. शंका राहिली तर अन्ननलिकेतून एको करतात आणि तोही स्वच्छ आला तर साधारण आठवड्याने पुन्हा बघतात.

तुमचं 21 दिवसांचं इंजेक्शन घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूला रोखतं, म्हणजे सांध्यांचा तो ताप उलटत नाही. हिरड्यांतून रक्तात शिरणारे जंतू त्या थोड्याशा पेनिसिलीनला दाद देत नाहीत.

झडपेवर जंतू, फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे धागे) आणि प्लेटलेट्सचा गोळा बनतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, आतले जंतू सुस्त असतात, म्हणून औषध शिरेतून आणि दीर्घकाळ द्यावं लागतं. तोंडातला नेहमीचा स्ट्रेप्टोकोकस निघाला आणि औषधाला बधणारा असला, तर सेफ्ट्रायक्झोन रोज 2 ग्रॅम, 4 आठवडे. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असेल तर बहुधा 6. दिवस मोजायचे ते कल्चर स्वच्छ आल्यापासून. पहिले दोन आठवडे दवाखान्यातच काढा, कारण झडपेवरच्या गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत जाण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक. पुढे प्रकृती स्थिर असेल तर रोज येऊन इंजेक्शन घेता येतं.

दम लागला, बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळा पडला तर त्याच तासाला न्या. झडप फाटून हृदय थकलं तर कोर्स संपायची वाट न बघता शस्त्रक्रिया करतात.

हा संसर्ग ठरला, तर पुढे दात काढताना 30 ते 60 मिनिटं आधी अँटिबायोटिक घ्यावं लागेल, तेही जन्मभर. नेहमी पेनिसिलीनच्याच गटातलं अमॉक्सिसिलीन 2 ग्रॅम देतात. पण भाऊ पेनिसिलीनवर असल्याने तोंडातले जंतू त्याला सरावलेले असू शकतात. दंतवैद्याला इंजेक्शनचं आधीच सांगा, म्हणजे ते अ‍ॅझिथ्रोमायसीनसारखं वेगळ्या गटातलं औषध देतील.