जैद नाव ठेवलंय, आता बदलायचं का?

प्रश्न : सर, सलाम. आम्ही यावल तालुक्यातले तडवी, घरात सगळं मराठीच चालतं, उर्दू कोणाला वाचता येत नाही. मोठ्या भावाला मुलगा झाला, नाव जैद ठेवलं. अकिक्याला आलेले एक पाहुणे बोलून गेले की जैद आणि यजीद एकाच शब्दातून आलेत, असलं नाव घरात नको. तेव्हापासून वहिनीच्या डोळ्याचं पाणी थांबत नाही, आई म्हणते बदलून टाका. नावाचा अर्थ काय आणि खरंच बदलावं लागेल का?

उत्तर : भाऊ, अजिबात बदलू नका, आणि आधी वहिनींना हे वाचून दाखवा.

जैद म्हणजे वाढ, बरकत. पाहुणे म्हणाले ते तेवढ्यापुरतं खरं आहे, दोन्ही नावांचं मूळ एकच, पण म्हणून जैदला दोष लागत नाही. यजीद नावाला डाग लागला तो ६८० साली करबलात पैगंबर साहेबांचे नातू इमाम हुसेन शहीद झाले तेव्हा गादीवर असलेल्या यजीदच्या करणीमुळे. त्याचेच चुलते यजीद बिन अबू सुफियान तर सहाबी, म्हणजे पैगंबर साहेबांचे साथीदार होते, म्हणजे शब्द मुळात वाईट नव्हताच.

आता हजरत जैद बिन हारिसा कोण होते ते ऐका, कारण नावाचं खरं वजन तिथे आहे. लहान पोरगं, आईबरोबर आजोळी निघालेलं, वाटेत टोळीने पळवलं आणि उकाजच्या बाजारात गुलाम म्हणून विकलं. तिथून ते पैगंबर साहेबांच्या पत्नी बीबी खदीजांकडे आले आणि बीबींनी त्यांना पैगंबर साहेबांकडे दिलं. पुढे बाप हारिसा आणि चुलता पत्ता काढत काढत मक्केला आले, पैसे भरून सोडवून न्यायला. पैगंबर साहेब म्हणाले पैसे नकोत, पोराला विचारा, त्याला यायचं असेल तर घेऊन जा. आणि जैद म्हणाले मी इथेच राहतो. सख्खा बाप समोर उभा असताना! ही पैगंबरी मिळायच्या आधीची गोष्ट आहे, म्हणजे तेव्हा समोर नबी म्हणून नाही, माणूस म्हणूनच जे वागणं पाहिलं त्यावर त्या पोराने निवड केली, मला हे फार मोठं वाटतं. मग पैगंबर साहेबांनी काबाजवळ लोकांसमोर जाहीर केलं की हा माझा मुलगा, आणि लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणायला लागले. नंतर कुराणाची आयत आली की मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावानेच हाक मारा, तेव्हा ते परत जैद बिन हारिसा झाले, माया मात्र होती तशीच राहिली. ६२९ साली मुताच्या लढाईत ते सेनापती होते, तिथेच शहीद झाले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैगंबर साहेबांच्या एवढ्या सगळ्या साथीदारांमधून कुराणात नाव घेऊन उल्लेख फक्त एकाचा आहे, तो जैद यांचाच, सूरह अहजाब, आयत ३७. अबू बकर, उमर यांचंही नाव तसं आलेलं नाही. जे नाव नमाजमध्ये, तिलावतमध्ये म्हणजे कुराण वाचताना लोक आजही तोंडाने घेतात ते घरात नको कसं म्हणायचं? शिवाय कुराण एकत्र लिहून काढायचं काम ज्यांच्यावर सोपवलं ते जैद बिन साबित, तेही याच नावाचे.

नाव बदलायची रीत आहे, पण ती अर्थ वाईट असेल तेव्हा. आसिया, म्हणजे न ऐकणारी (आज मुलींचं ठेवतात ते आसिया नाव वेगळं), अशा अर्थाचं एका मुलीचं नाव पैगंबर साहेबांनी बदलून जमीला ठेवलं होतं. तुमच्याकडे तसं काहीच नाही.

फक्त उच्चार सांभाळा. आपल्या मराठीत 'जाड'मधला ज आहे ना, तोच इथे लावायचा, 'जीव'मधला नाही. दाखल्यावर जैद लिहा किंवा झैद लिहा, पण जन्मदाखला, आधार आणि पुढे शाळेत एकच ठेवा, नाहीतर दहावीच्या फॉर्मच्या वेळी भावाला तहसीलचे हेलपाटे पडतील.