डाव्या बॅकला विचारा

(वाचकांचे प्रश्न, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या एका जुन्या लेफ्ट बॅकची उत्तरं. या महिन्याची बहुतेक पत्रं फुटबॉलवरच आली. सीझन तोंडावर आला की दुसरं काय येणार!)

प्रश्न : माझं माहेर शिवाजी पेठ, सासर मंगळवार पेठ. वडील आणि भाऊ कट्टर 'शिवाजी'चे, म्हणजे शिवाजी तरुण मंडळाचे. इकडे सासरे पाटाकडील तालमीचे, म्हणजे इतके की देवघराशेजारी टीमचा फोटो लावलाय. गेल्या सीझनला दोन्ही टीम समोरासमोर आल्या, शिवाजीनं गोल मारला आणि माझ्या तोंडून आरोळी गेली. सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता मी ओरडायचं तरी कुणाच्या बाजूनं?
— एक सूनबाई, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, लग्नानंतर आडनाव बदलतं, रेशन कार्डावरचं नाव हलतं. टीम हलत नाही. सासरे तुमच्यावर रुसलेच नव्हते. ते त्यांच्या डिफेन्सवर रुसले होते, पण डिफेन्स काही घरात जेवायला नव्हता.

आमच्या घरातही तोच प्रकार आहे. बायको दुसऱ्या पेठेची. तिच्या माहेरची टीम हरली की त्या रात्री पांढरा रस्सा पातळ होतो आणि तांबड्याला तिखट चढतं. मी निमूट ओरपतो. टीम जिंकली की मात्र सकाळी सकाळी मेहुण्याचा फोन येतो, "दाजी, तब्येत बरी हाय न्हवं?" एरवी वर्षभर त्याला माझ्या तब्येतीची आठवण नसते.

तुम्ही असं करा. माहेरच्या टीमशी मॅच असेल तेव्हा माहेरचंच ओरडा, लपूनछपून नको. पण पाटाकडीलची गाठ प्रॅक्टिसशी किंवा बालगोपालशी, म्हणजे मंगळवार पेठेतल्याच टीमशी असेल तेव्हा सासऱ्यांच्या शेजारी बसा आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडा. पेठ विरुद्ध पेठ ही ईर्षा गाववाल्यांना दाखवायची. भाजी घेताना, पाणी भरताना, नळावर जी ईर्षा चालते ती एकाच पेठेतल्या दोन तालमींची. शिवाजी पेठेत शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम यांचं काय चालतं ते माहेरी बघितलं असेलच. पाटाकडीलच्या त्या मॅचला सासऱ्यांचा घसा बसेपर्यंत साथ दिलीत, तर शिवाजीच्या दहा गोलांना माफी मिळेल.

मूलबाळ झालं की दोन्ही आजोबा दोन जर्सी घेऊन येतील. भांडू द्या. पोरगं ज्या गल्लीत पहिला चेंडू मारेल, त्या गल्लीचं होईल.

प्रश्न : पुण्याहून बदलून आलोय. इथं फुटबॉल टीमच्या नावात 'तालीम' कशी काय? तालमीत तर कुस्ती असते.
— नवा कोल्हापूरकर, ताराबाई पार्क

उत्तर : असतेच. शाहू महाराजांनी कुस्तीला जीव लावला, खासबागेचं मैदान 1912 साली उभं राहिलं, आणि पेठापेठांतल्या तालमी ही पोरांची दुसरी घरं झाली. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. गणपती तिथला, भांडण मिटवायचं तिथं, महापुराच्या वेळी होडी घेऊन निघणारी पोरंही तिथलीच. फुटबॉल आला तो याच पोरांच्या पायात. संध्याकाळी ज्यांनी माती अंगाला लावली, त्यांनीच दुपारी चेंडू मारला. नाव बदलायची गरज कुणाला वाटली नाही. म्हणून दिलबहार तालीम, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम ही फुटबॉलची नावं झाली. 'युनायटेड' आणि 'सिटी' आमच्याकडं फक्त टीव्हीत असतात.

आणि शाहू स्टेडियमला गेलात तर शेजारचं रावणेश्वराचं देऊळ बघा. आज जिथं मैदान आहे तिथं पूर्वी तळं होतं. कोल्हापुरानं तळी बरीच बुजवली. त्यातल्या या एकाबद्दल मी तक्रार करत नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मँचेस्टर युनायटेडचा फॅन. पप्पा म्हणतात, "ज्या मैदानात तू कधी पाय ठेवणार नाहीस त्यांच्यासाठी रात्रीचा जागून रडतोस, हे नाटक आहे." मी खोटा फॅन आहे का?
— लाल सैतान, राजारामपुरी

उत्तर : भावा, युनायटेडनं लीग शेवटची जिंकली 2013 साली, त्यांचे मॅनेजर फर्ग्युसन साहेब निवृत्त झाले त्याच वर्षी. तू तेव्हा बालवाडीत असशील. म्हणजे तुझ्या कळत्या वयात या टीमनं लीग जिंकलेलीच नाही, तरी तू टिकून आहेस. खोटा फॅन एवढा मार खात नाही. तो कधीच मँचेस्टर सिटीकडं पळाला असता.

पप्पांना एक आठवण करून दे. 1986 च्या वर्ल्ड कपला आम्हीसुद्धा परक्यांसाठीच जागत होतो. मेक्सिकोत भर दुपारी मॅच, आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा. गल्लीत टीव्ही मोजके. एका घराच्या खिडकीत बारक्यांची डोकी, दारात मोठ्यांच्या चपलांचा ढीग, आणि घरमालकीण जाग्यावर पेंगत. मॅराडोनानं इंग्लंडची अर्धी टीम चकवून दुसरा गोल मारला तेव्हा ती बिचारी दचकून उठली आणि म्हणाली, "कोण पडलं?" त्या रात्रीपासून आमची निम्मी गल्ली अर्जेंटिनाची. उरलेली निम्मी ब्राझीलची, कारण अर्जेंटिनावाल्यांशी भांडायला कुणीतरी पाहिजेच. वर्ल्ड कप आला की आजही चौकाचौकांत त्याच दोन झेंड्यांची गर्दी होते. ब्यूनस आयर्सला जाऊन आलेला त्यात एकही नसतो.

पण पप्पांच्या बोलण्यातही तथ्य आहे. युनायटेड हरली की तू फोन बंद करून झोपू शकतोस. पेठेची टीम हरली की सकाळी दूध आणायला जावंच लागतं, आणि दूधवाला दुसऱ्या तालमीचा असतो. तो काही बोलत नाही. माप घालता घालता नुसता हसतो. ते हसू सोसायची सवय लाव. एक मॅच पप्पांनी तुझ्याबरोबर रात्री बघायची, एक मॅच तू त्यांच्याबरोबर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर. दुसऱ्या मॅचला टोपी आणि पाण्याची बाटली ने. दुपारचं ऊन असतं आणि तिथं रिप्ले नसतो, मान वळवलीस की गोल गेला.

प्रश्न : खरं सांगा, तुमची टीम कुठली?
— अनेक वाचक

उत्तर : माझ्या वर्कशॉपला सगळ्या पेठांचं गिऱ्हाईक येतं. पुढचा प्रश्न.

प्रश्न : आमच्या वेळचा फुटबॉल आता राहिला नाही. तेव्हाची पोरं अनवाणी खेळायची, आताच्यांना नुसते रंगीत बूट पाहिजेत. तुम्ही त्या काळातले आहात, लिहा एकदा कडक.
— निवृत्त शिक्षक, जुना बुधवार

उत्तर : गुरुजी, कडक लिहितो, पण तुमच्या मनासारखं होणार नाही.

त्या वेळचा चेंडू आठवतोय का? चामड्याच्या जाड पट्ट्या शिवलेल्या, आत रबरी ब्लॅडर. सायकलच्या दुकानात जाऊन पंपानं हवा मारायची, ब्लॅडरची नळी दुमडून दोऱ्यानं करकचून बांधायची, ती चामड्याच्या आत खुपसायची आणि वरून वादी ओवून तोंड शिवून टाकायचं. वादीची गाठ जरा वर राहिली की हेडिंग करणाऱ्याच्या कपाळावर तिचा शिक्का उठायचा. आमच्या टीममधला सेंटर हाफ लग्नाच्या फोटोत तोच शिक्का घेऊन बसलाय. पावसात ते चामडं पाणी प्यायचं, चेंडू जड व्हायचा, आणि कॉर्नर मारला तर गोलपोस्टपर्यंत पोचेल की नाही याची पैज लागायची. अनवाणी खेळायचो ते हौसेनं नव्हे, बूट परवडत नव्हते म्हणून. नख उखडलं की हळद दाबायची आणि दुसऱ्या दिवशी लंगडत कामाला.

त्या चेंडूनं जी पोरं खेळली ती दणकट होती, हे मान्य. पण आजची पोरं जो वन-टच पास देतात तो आम्हाला स्वप्नातही आला नसता. आमचा डाव सोपा होता : मागून लांब मारा आणि पुढं पळा. मी लेफ्ट बॅक होतो, सांगतो तुम्हाला, निम्म्या वेळा चेंडू कुठं जाणार हे मलाच ठाऊक नसायचं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून दिल्लीत अमेरिका, कोलंबिया, घाना यांच्यासमोर उतरला. भारत तिन्ही मॅच हरला, पण आपल्या मातीतलं पोरगं वर्ल्ड कपच्या मैदानात होतं. आमच्या पिढीतल्या कुणाची तिथवर मजल गेली?

मला चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. तेव्हा मॅच संपली की दोन्ही टीमचे लोक एकाच भेळेच्या गाडीवर उभे असायचे. भांडण तिथं सुरू व्हायचं आणि कागद टाकून घरी निघालं की संपायचं. आता ते मोबाइलवर रात्रभर चालतं, आणि समोरच्याचं तोंड दिसत नाही म्हणून वाढतच जातं.

प्रश्न : फायनल जिंकल्यावर आमच्या पोरांनी हरलेल्या टीमच्या नावानं 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फलक लावला. त्यांची पोरं चालून आली, दगड पडले, पोलीस आले. आमचं म्हणणं, ही चेष्टा होती. चेष्टा करायची नाही तर फुटबॉल बघायचा कशाला?
— एका मंडळाचा कार्यकर्ता

उत्तर : चेष्टा करायचीच. पण श्रद्धांजली ही चेष्टा नव्हे, तो आळस आहे. बाजारात तयार मिळणारा मजकूर आणलात आणि त्यात फक्त नाव बदललंत. चेष्टेला डोकं लागतं, आणि समोरच्याची टीम आपल्या टीमइतकीच पाठ असावी लागते.

एक मासला देतो. टायब्रेकरच्या पेनल्टी किक्सवर हरल्यावर आमच्या गल्लीतले चौघे मान खाली घालून चहाला बसले होते. समोरच्या पेठेतला एक म्हातारा आला आणि चहावाल्याला म्हणाला, "पाच सांग. नको, चारच सांग. पाचवा बारला लागून भाईर गेला." चौघांपैकी एकाच्या नाकातून चहा आला. हसला तोही, आणि त्यानंच किक हुकवली होती. फलक नाही, डीजे नाही, दगड नाही, आणि आमच्या तालमीत ते वाक्य अजून निघतं.

कोलकात्याकडं बघा. तिथले दोन क्लब, मोहन बागान 1889 चा, ईस्ट बंगाल 1920 चा. एकाची निशाणी कोळंबी, दुसऱ्याची हिल्सा. या दोघांची मॅच, म्हणजे डर्बी, कोण जिंकलं त्यावर बाजारात त्या माशाचा भाव चढतो, आणि हरलेल्याला जेवताना टोमणा मिळतो. अशी ईर्षा पोटात जाते, डोक्यात जात नाही. पण त्याच कोलकात्यात 16 ऑगस्ट 1980 ला, ईडन गार्डन्सवर याच दोन टीमच्या मॅचमध्ये मैदानातली मारामारी गॅलरीत गेली. चेंगराचेंगरी होऊन 16 जण गेले. मॅच बघायला घरातून निघालेली माणसं होती ती. त्यांच्या घरी लागलेली श्रद्धांजली खरी होती. तुमच्या पोरांना ही तारीख सांगा, मग त्यांना फलकाचा मजकूर परत वाचायला लावा.

आपल्याकडं दगडफेकीनं सामने थांबलेत, खेळाडूंचे महिने वाया गेलेत. दगड मारणाऱ्याचं काही जात नाही. तो पुढच्या वर्षी परत येतो. विशीतल्या खेळाडूचं मात्र आख्खं वर्ष जातं, आणि तशी वर्षं त्याच्याकडं फार नसतात. फलक काढा, समोरच्या तालमीत चार माणसं पाठवा आणि पुढच्या वर्षीसाठी चांगलं वाक्य शोधायला आत्तापासून बसा.

प्रश्न : आता टीममध्ये आफ्रिकेचे खेळाडू येतात. मग ती पेठेची टीम कशी?
— एक चिडलेला समर्थक

उत्तर : गल्लीत भाड्यानं राहतो, तालमीत येऊन बसतो, मिसळ खाऊन डोळ्यांतून पाणी काढतो आणि रविवारी तुमच्यासाठी गोल मारतो. आणखी काय करायचं त्यानं? गावातल्या पोरांना संधी किती मिळते, हा प्रश्न वेगळा आणि रास्त आहे. तो तालमीच्या बैठकीत विचारा, खेळाडूला नको.

प्रश्न : मित्राशी पैज लागलीय. 2022 च्या वर्ल्ड कप फायनलला मेस्सीनं तीन गोल मारले असं तो म्हणतो. मी म्हणतो दोन. मिसळ कुणी द्यायची?
— ब्राझीलवाला, फुलेवाडी

उत्तर : मॅच जादा वेळेनंतर 3-3 राहिली. त्यात मेस्सीचे दोन, समोरच्या फ्रान्सच्या एम्बापेचे तीन. मेस्सीनं तिसऱ्यांदा जाळी हलवली ती टायब्रेकरला, आणि टायब्रेकरचा गोल खेळाडूच्या खात्यात धरत नाहीत. अर्जेंटिना 4-2 नं जिंकलं ते त्या किक्सवर. तेव्हा मिसळ मित्रानं द्यायची. पण तुम्ही ब्राझीलवाले आहात आणि 2014 साली जर्मनीनं तुम्हाला 7-1 नं धुतलंय हे त्याला ठाऊक असणार. कट मागवताना तो "सात वाट्या" म्हणाला, तर निमूट प्यायच्या.