पांढरी तीनच्या खाली

अगं मुली,

तुझा मेसेज परवा रात्री साडेबाराला आला. तीनदा उत्तर टाइप करून खोडलं, शेवटी म्हटलं सरळ पत्रच लिहावं. कोजागिरीचा कार्यक्रम अडीच आठवड्यांवर आलाय, तू पहिल्यांदाच ऑर्केस्ट्रात उभी राहणार आहेस, आणि विचारतेस काय, तर ‘काका, आहे तो चार तारांचा बेस गिटार विकून पाच तारांचा घेऊ का, आणि उरलेल्या पैशांत आवाज बदलणारं पेडल कुठलं?’

आत्ता काहीही विकू नकोस.

पाचव्या तारेचं खूळ कुठून आलं ते मला बरोबर ठाऊक आहे. गायकांनी पट्ट्या कळवल्या असतील. काळी एक, काळी दोन, काळी चार. आणि तुझ्या मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या, तारा जाडीकडून मोजल्या तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. ई, ए, डी, जी. चारही पांढऱ्या. निम्मी गाणी तू मोकळ्या ईच्या आधारानं बसवलीस आणि तालमीत कुणीतरी म्हणालं, ‘आज घसा बसलाय, अर्धा स्वर खाली घेऊ.’ कीबोर्डवाल्यानं पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण दाबलं, गिटारवाल्यानं पंजा एक घर (फ्रेट) मागे सरकवला, आणि तू पांढरी तीनच्या खाली बघत राहिलीस, जिथे तारच संपते.

मीही असाच बघत राहिलो होतो, एका तालुक्याच्या गावी, हजारभर माणसांसमोर. तेव्हा घाबरून पेग (तारेची खुंटी) फिरवून ई तार खाली आणली. ती काळी दोनवर थांबेना, बाकीच्या तिघी जागच्या जागी, आणि माझा डावा हात कुठलं घर कुठं गेलं ते शोधतोय. ढोलकवाल्यानं माझ्याकडे पाहिलं ते आजही आठवतं.

तर काळी दोन तुला ए तारेच्या सहाव्या घरात मिळते. काळी एक त्याच तारेच्या चौथ्या घरात. पुढचे पंधरा दिवस सगळी गाणी एकही मोकळी तार न वाजवता बसव. बोटांचा आकार एकदा बसला की गायक अर्धा खाली म्हणो नाहीतर दीड वर, तू फक्त तो आकार सरकवायचास. पाच तारांच्या बेसवर ईच्याही खालच्या जाड बी तारेच्या दुसऱ्या घरात खालची काळी एक मिळेल, कबूल. पण तो स्वर आहे साधारण ३५ हर्ट्झचा. सोसायटीच्या मैदानावर येणाऱ्या भाड्याच्या सेटमधून तेवढ्या खालचं बहुतेक वेळा स्वर म्हणून ऐकूच येत नाही, नुसती घरघर येते. तुझी मोकळी ई ४१ हर्ट्झची आहे, तीच पेलताना ते बॉक्स धापा टाकतात.

मोकळी तार टाळायला सांगतोय त्याला दुसरंही कारण आहे, आणि माझ्या मते तेच मोठं. मोकळी तार थांबत नाही. नव्या मुलांचा बेस ऐकला की मला स्वर कुठे सुरू होतो ते बरोबर ऐकू येतं, कुठे संपतो तेच कळत नाही. तुझ्या त्या दोन रेकॉर्डिंगमध्ये हेच आहे. एक स्वर संपायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर पडतो, सगळ्याचा लगदा होतो आणि मग तुला वाटतं टोन वाईट आहे, पेडल घ्यायला हवं.

केरव्याचंच बघ. धा गे न ति, न क धि न. पहिल्या चारांत डग्गा घुमतो, ‘न क’ला तालाची खाली, म्हणजे रिकामी बाजू, येते, डग्गा गप्प बसतो, आणि ‘धि’ला परत उठतो. तबलजी तो गप्प बसण्याचा भाग मुद्दाम वाजवत असतो. तू जर ‘धा’वर मूळ स्वर लावून तो आठही मात्रा तसाच ताणलास, तर त्याची खाली तू खाऊन टाकलीस. ‘धा’वर षड्ज लाव, ‘न क’ येण्याआधी तार बंद कर, ‘धि’वर पंचम दे. झालं. दोन स्वर आणि मधली शांतता. अर्धा कार्यक्रम एवढ्यावर निघतो. उरलेल्या अर्ध्याला ऑक्टोपॅडच्या (इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या) किकबरोबर, म्हणजे पायाच्या ड्रमच्या ठोक्याबरोबर, राहा.

बंद करणं शिकायला लागतं बरं का. डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलायचं नाही, नुसता दाब सोडायचा. उचललंस की मोकळी तार बोलते. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज उचलणाऱ्या चुंबकी पट्टीवर) चिकटवून ठेवू नकोस, बारीक तारेकडे जाशील तसा तोही जाड तारांवर टेकत खाली उतरू दे, म्हणजे तू न छेडलेल्या तारा आपोआप गप्प राहतील. रोज दहा मिनिटं मेट्रोनोम लाव, एकच स्वर, कधी पूर्ण मात्रेचा, कधी अर्धा, कधी पाव. बापरे काय कंटाळवाणं, म्हणशील. आहेच.

आणि एक फुकटची युक्ती. भांडी घासायचा स्पंज असतो ना, त्याचा हिरवा खरखरीत भाग काढून टाक आणि मऊ पट्टी ब्रिजजवळ, म्हणजे तारा अंगाला अडकतात तिथे, तारांखाली सरकव. स्वर छोटा, गोल, डग्ग्याच्या जातीचा होतो. ही काही माझी अक्कल नव्हे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत जेम्स जेमरसन नावाचा बेसवाला फेंडर कंपनीच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसवर वाजवायचा, त्याच्या ब्रिजच्या झाकणाखाली फोम होताच, वर गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, आणि त्या तुटेपर्यंत तो बदलायचा नाही. उजव्या हाताची फक्त तर्जनी. अॅम्पसुद्धा (अॅम्प्लिफायर) बहुतेक वेळा नाही, वायर थेट स्टुडिओच्या कन्सोलमध्ये. साठच्या दशकातली कुठलीही जुनी गाणी तू या कार्यक्रमात वाजवणार असशील, तर त्यांचा आवाज तुझ्या स्वयंपाकघरात आहे, दुकानात नाही. (आईला विचारून घे. माझ्या घरी यावरून बोलणी खाल्लीत मी.)

तुझा बेस प्रिसिजनच्याच वळणाचा आहे. मधोमध दोन तुकड्यांत कापलेला पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. हा दोन तुकड्यांचा पिकअप फेंडरनं १९५७ मध्ये आणला, त्यातली एक गुंडाळी दुसरीचा हम, म्हणजे विजेची गुणगुण, मारते. ट्यूबलाइटच्या माळा आणि डिमरच्या शेजारी उभं राहून वाजवणाऱ्याला याहून काय हवं? फेंडरच्याच जॅझ बेस या दुसऱ्या मॉडेलचे दोन पिकअप घरी फार गोड वाटतात, पण त्यातला एक जरा कमी केलास की गुणगुण सुरू. शिवाय तुझ्या बेसमध्ये बॅटरी नाही. माझ्या अॅक्टिव, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, बेसची वायर जेवणाच्या सुट्टीत मी तशीच लावून ठेवली होती. वायर लावलेली असली की आतलं सर्किट चालूच राहतं. दुसऱ्या सत्राच्या तिसऱ्या गाण्यात ९ व्होल्टची बॅटरी मेली आणि फाटक्या ताशासारखा आवाज यायला लागला.

आता टोन. घरी एकटी वाजवताना तू अॅम्पचं लो आणि हाय चढवतेस आणि मधलं पाडतेस, हो ना? सगळेच करतात, कारण एकट्यानं ऐकायला तेच भारी वाटतं. स्टेजवर तो बेस गायब होतो. खालचं किक आणि डग्गा खातात, वरचं झांज आणि कीबोर्ड, आणि तू जिथे ऐकू येणार होतीस ते ७०० ते ९०० हर्ट्झ तूच पाडून आलेली असतेस. उलट कर. मध्य थोडा वर, लो सपाट, आणि गढूळ वाटलं तर २०० ते २५० च्या आसपास थोडं काढ. घरी ऐकायला तो टोन नाकात बोलल्यासारखा लागेल. लागू दे.

कीबोर्डवाल्याशी आधी बोल. त्याची कित्येक वर्षं बेसगिटारशिवाय गेलेली आहेत, त्याचा डावा हात सवयीनं तुझंच काम करत असतो. एकाच स्वरावर दोघं बसलात की कुणाचाच स्वर कळत नाही. ‘दादा, या गाण्यांत डावा हात थोडा वर ठेवाल का?’ एवढंच, आणि तालमीत, सगळ्यांसमोर नाही.

मांडवाचं स्टेज म्हणजे लोखंडी घोड्यांवर फळ्या, आतून पोकळ. अॅम्प त्यावर ठेवलास की अख्खं स्टेज ढोल होतं. अॅम्प कमरेइतका उंच ठेव, साउंडवाल्याच्या रिकाम्या पेटीवर, पेटी हलत नाही ना हे बघून. घुमणं कमी होतं आणि आवाज पायांऐवजी कानाला लागतो. मोकळ्या ईच्या एका लहरीची लांबी सव्वाआठ मीटर असते, त्यामुळे तू जिथे उभी आहेस तिथला बेस आणि दहाव्या रांगेतला बेस यांचा फारसा संबंध नसतो. साउंडचेकला दुसऱ्या कुणाला तरी दोन स्वर वाजवायला लाव आणि खाली जाऊन ऐक. साउंडचेक मिळाला तर. आपल्याकडे तो मिळेलच असं नाही, पाहुण्यांचे सत्कार मिळतात.

साउंडवाल्याला दादा म्हण, नाव विचार, चहा दे. डीआय बॉक्स, म्हणजे बेसची वायर साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडणारी छोटी डबी, तुझा स्वतःचा असू दे. पेडलसाठी ठेवलेल्या पैशांतून आधी तो घे, मग दोन चांगल्या केबली, क्लिपचा ट्यूनर, एक टॉर्च, चिकटपट्टी. हम आला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघ. ते फक्त आवाजाच्या वायरीचं ग्राउंड सोडतं, त्यात धोका नाही. पण हम जावा म्हणून कुणी अॅम्पच्या प्लगची जाड तिसरी पिन काढायला निघालं, तर तिथेच हात धर. मी एका जत्रेत जनरेटरवर वाजवत होतो, अर्थिंग नव्हतं. कोरस गायला पुढे झुकलो, ओठ माइकला लागले, हात तारांवर, आणि दातांत ठिणगी पडली. पुढची दोन गाणी मी वाजवली म्हणे. मला आठवत नाहीत. तेव्हापासून सॉकेट तपासायचा छोटा टेस्टर खिशात असतो आणि माइकवर फोमची टोपी. तूही ठेव, आणि त्या बाबतीत कुणी हसलं तर हसू दे.

पाऊस संपत आलाय, बेसची मान हललेली असणार. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या घरात दाब, सातव्या-आठव्या घराशी तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जावं. फार जास्त किंवा काहीच फट नसेल तर ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या, तिचा बाक ठरवणाऱ्या सळईला) स्वतः हात लावू नकोस, रविवारी घेऊन ये, पाव फेरा देऊन बघू.

कानात प्लग घाल. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. झांज तुझ्या ज्या बाजूला येईल त्या कानाची जास्त काळजी घे. माझ्या उजव्या कानात गेली बारा वर्षं एक रातकिडा राहतो. रात्री त्याचीही पट्टी कळते, काळी पाचच्या आसपास आहे.

राहिला पाच तारांचा प्रश्न. माझा पलंगाखाली पडलाय, तारा गंजल्यात पण वाजतो. कार्यक्रम झाला की महिनाभर घेऊन जा आणि मग ठरव. त्याआधी गाण्यांची यादी पट्ट्यांसकट पाठव, आणि प्रत्येकीपुढे अर्धा खालची पट्टीही लिही. गायक तीच मागणार आहेत.

तुझा,
काका