मध्य नेमका कुणाचा?

प्रश्न: मी काढलेल्या फोटोंसाठी एक वेबपेज तयार करते आहे. तळ्यातल्या होडीचा एक आडवा फोटो बॅकग्राउंडला लावलाय. बॉडीला (पानाचा दिसणारा सगळा मजकूर ज्यात असतो त्या भागाला) ‘बॅकग्राउंड-रिपीट: नो-रिपीट’ आणि ‘बॅकग्राउंड-पोझिशन: सेंटर’ दिलं आहे. डावी-उजवीकडून फोटो बरोबर मधोमध येतो, पण वरून कापला जातो आणि खाली अर्धी स्क्रीन कोरी राहते. ‘सेंटर सेंटर’ असं दोनदा लिहिलं, ‘टॉप: ५०%’ दिलं, ‘मार्जिन: ऑटो’ही करून पाहिलं. काहीच फरक पडत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर: तुमची मूळची ओळ बरोबर आहे, ती खोडू नका. सेंटर एकदा लिहिलं की दुसऱ्या दिशेलाही सेंटरच धरलं जातं, त्यामुळे दोनदा लिहून फरक पडणार नव्हता. टॉप आणि मार्जिन काढून टाका. ते घटकाची, म्हणजे पानाच्या एखाद्या भागाची, चौकट हलवतात. बॅकग्राउंड त्या चौकटीच्या आत रंगवलेलं असतं, त्याला त्यांचा उपयोग नाही.

ब्राउझरने फोटो मध्ये आणलेला आहेच. पण ज्या चौकटीच्या मध्ये आणलाय, ती ब्राउझरच्या खिडकीएवढी उंच नाही. बॉडीला दिलेलं बॅकग्राउंड (एचटीएमएलला स्वतःचं नसेल तर) सगळ्या पानावर पसरतं, मात्र त्याची जागा मोजली जाते ती एचटीएमएल या सर्वांत बाहेरच्या घटकावरून. या घटकाची रुंदी खिडकीएवढी असते, म्हणून आडवं जमलं. उंची असते फक्त मजकुराएवढी.

आता हिशोब बघा. सेंटर म्हणजे ५०%, आणि इथे टक्के काढायची रीत १९९६ च्या पहिल्या सीएसएसपासून (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या या भाषेपासून) एकच आहे: चौकटीच्या मापातून चित्राचं माप वजा करायचं आणि जे उरेल त्याचे टक्के घ्यायचे. समजा, सध्या तुमच्या पानावर एक शीर्षक आणि दोनच ओळी आहेत, उंची १५० पिक्सेल. फोटो ६०० पिक्सेल उंच. १५० वजा ६००, म्हणजे उणे ४५०. त्याचे निम्मे उणे २२५. फोटो पानाच्या वरच्या कडेच्याही २२५ पिक्सेल वर सुरू होतो. तेवढा भाग कापला जातो, उरलेला ३७५ पिक्सेलचा दिसतो आणि त्याखाली कोरी जागा. तुम्हाला दिसतंय ते हेच.

एचटीएमएलला ‘मिन-हाइट: १००%’ द्या, म्हणजे त्याची उंची निदान खिडकीएवढी होईल. खिडकी ८०० पिक्सेल उंच असेल तर आता वर १०० आणि खाली १०० सुटतील.

पण इथेच थांबू नका, कारण पुढे तुम्ही मजकूर वाढवणार. पान ३००० पिक्सेल लांब झालं की हाच सेंटर फोटोला १२०० पिक्सेल खाली नेऊन ठेवेल आणि पहिल्या स्क्रीनवर तो दिसणारच नाही. तेव्हा आधी ठरवा: फोटो पानाच्या मध्ये हवा की खिडकीच्या? माझ्या मते तुम्हाला खिडकीच्या मध्ये हवा आहे. त्यासाठी ‘बॅकग्राउंड-अटॅचमेंट: फिक्स्ड’ आहे, ते दिलं की माप थेट खिडकीवरून घेतलं जातं. आयफोनच्या सफारीत मात्र त्यावर विसंबू नये. मी स्वतः बॉडीच्या ‘बिफोर’ या आभासी (एचटीएमएलमध्ये न लिहिता सीएसएसने तयार होणाऱ्या) घटकाला ‘कंटेंट’मध्ये रिकामं अवतरण, ‘पोझिशन: फिक्स्ड’, ‘इन्सेट: ०’ आणि ‘झेड-इंडेक्स: -१’ देते आणि फोटो तिथे लावते. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण सगळीकडे सारखं दिसतं.

पूर्ण खिडकी भरायची असेल तर ‘बॅकग्राउंड-साइज: कव्हर’ जोडा. मग प्रश्न तुमच्या होडीचा. मोबाइलच्या उभ्या स्क्रीनवर आडव्या फोटोच्या दोन्ही बाजू कापल्या जातात. होडी उजवीकडे असेल तर सेंटर दिल्यावर नुसतं पाणी उरेल! होडी डाव्या कडेपासून साधारण ७० टक्क्यांवर असेल तर ‘बॅकग्राउंड-पोझिशन: ७०% ५०%’ लिहा. वरच्याच हिशोबामुळे फोटोतला ७० टक्क्यांवरचा बिंदू चौकटीच्याही ७० टक्क्यांवर येऊन बसतो, म्हणून खिडकी कितीही अरुंद झाली तरी होडी आतच राहते. फोटो काढताना तुम्ही होडी मुद्दाम एका बाजूला ठेवली असेल, तर पानावरही तिचा मान राखायला हवा.

सगळं एकाच ‘बॅकग्राउंड’ ओळीत लिहिणार असाल तर पोझिशन आधी, मग तिरकी रेघ, मग साइज: ‘सेंटर / कव्हर’. रेघ राहिली तर ब्राउझर अख्खी ओळच टाकून देतो. आणि ही ओळ आधी लिहिलेला रंग, साइज सगळं पुसून टाकते, म्हणून ती सर्वांत वर असू द्या.

तुमचे बाकीचे फोटो मात्र बॅकग्राउंडला लावू नका. तेच तर या पानाचा मजकूर आहेत. ते ‘आयएमजी’ टॅगमध्ये ठेवा आणि ‘ऑल्ट’मध्ये वर्णन लिहा, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला बॅकग्राउंडचा फोटो आहे हे कळतच नाही. तिथे चौकट भरायला ‘ऑब्जेक्ट-फिट: कव्हर’ पुरतं. ‘ऑब्जेक्ट-पोझिशन’ मुळातच ५०% ५०% असते, एखाद्या फोटोला वेगळी हवी असेल तेवढीच बदला.