वाचकांचे प्रश्न : दिवाळीनंतरचा सातपुडा आणि तुमचा कॅमेरा

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी चिखलदऱ्याला जातो. काश्मीरच्या चिनारांचे लालभडक फोटो पाहिले की वाटतं, आपल्या डोंगरात असं काहीच कसं नाही? आणि दरीचे फोटो तर नेहमी पांढुरके, फिके येतात. माझ्याकडे मोबाइलच आहे.
*एक शिक्षिका, अंजनगाव सुर्जी*

ताई, चिनार थंडीच्या चाहुलीनं रंगतो. आपलं मेळघाटचं जंगल सागाचं, सालईचं. ते थंडीपेक्षा कोरडेपणाला पानं गाळतं, आणि खरी पानगळ होते थेट माघ-फाल्गुनात. तेव्हा नोव्हेंबरात झाडांवर लाल रंग शोधाल तर हिरमोड होईल. या दिवसांत आपला रंग जमिनीवर असतो. पावसाळ्यात कंबरेएवढं वाढलेलं गवत वाळून सोनेरी होतं. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभ्या राहा, सूर्य एखाद्या झाडाच्या बुंध्याआड घ्या आणि मोबाइल गवताच्या उंचीवर आणा. कुसळांची टोकं उजळलेली दिसतील. नेहमीच्या पद्धतीनं, सूर्य पाठीशी घेऊन काढलेल्या फोटोत तेच गवत मातकट दिसतं.

दुसरं, सागाचं पान हातात घेऊन बघा. पावसाळा सरता सरता एक अळी पानाचा हिरवा भाग खाऊन टाकते, शिरा तेवढ्या ठेवते. तळव्याहून मोठं पान, आणि त्याची अशी जाळी की पलीकडचा डोंगर त्यातून दिसावा. ते उजेडासमोर धरा, शिरेवर बोट टेकवून फोकस करा. चिखलदऱ्याच्या पॉइंटांवर रोज शेकडो फोटो निघतात, पण या पानाकडे कुणी वळत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता फिकेपणाचं. थंडीच्या रात्री गार, जड हवा दरीत उतरून बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. चुलींचा धूर आणि रस्त्याची धूळ खालीच कोंडून राहते. ऊन वर चढलं की हा सगळा थर उजळतो आणि दरी पांढुरकी दिसते. म्हणून दरीचा फोटो एकतर सूर्योदयाच्या अर्ध्या-पाऊण तासात, नाहीतर दिवस कलल्यावर. पावसाळा परतल्यावरचे पहिले काही दिवस हवा धुतलेली असते, लांबचं दृश्य तेव्हाच काढून घ्या.

मोबाइलला अंधारी दरी दिसली की तो सगळाच फोटो उजळ करतो आणि आकाश जळतं. स्क्रीनवर आकाशाच्या कडेला बोट दाबून धरा, उजेड लॉक होईल. मग बोट खाली ओढून फोटो थोडा गडद करा. बोटांनी चिमटीत ताणून झूम करू नका. आणि आधी लेन्स सुती कापडानं पुसा. खिशातल्या मोबाइलची लेन्स तेलकट झालेली असतेच.

प्रश्न : माझ्याकडे डीएसएलआर आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमीच्या लेन्स. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावरून एकामागे एक डोंगररांगा आणि खाली धुई, असा फोटो काढायचा आहे. सेटिंग काय ठेवू? किल्ला कोणत्या वेळी चांगला येतो?
*बी.एस्सी.चा विद्यार्थी, चांदूर बाजार*

अरे, रांगांसाठी मोठी, ५५-२५०चीच लेन्स लाव. १८वर डोंगर बारके होऊन आकाश आणि दगडच उरतात. १५० ते २५० वर रांगा एकमेकींना खेटतात. ट्रायपॉड, आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, ऑटोवर ठेवू नकोस, 'डेलाइट'वर ठेव. लांबची रांग निळी दिसते ती मधल्या हवेनं निळा प्रकाश जास्त विखुरल्यामुळे. ऑटो तो निळेपणा चूक समजून पुसायला बघतो. धुई कॅमेऱ्याला करडी वाटते, म्हणून एक्स्पोजर एका स्टॉपपर्यंत (म्हणजे दुप्पट उजेडापर्यंत) वाढव, पण हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकू देऊ नकोस.

धुई हवी तर आभाळाकडे लक्ष ठेव. जमिनीत ओल, रात्र निरभ्र आणि वारा पडलेला, असं जुळलं की दुसऱ्या पहाटे निघायचं. चिखलदऱ्याचं पठार अकराशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे तू वर कोरडा आणि धुई खाली असा योग येतो.

किल्ल्याचं मात्र सूर्याशी गणित आहे. आपल्या भागात डिसेंबरच्या शेवटी सूर्य नेमक्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि तितकाच दक्षिणेला मावळतो. भर दुपारीही तो ४५ अंशांवरच असतो. काठी रोवलीस तर सावली काठीएवढी पडेल. म्हणजे गाविलगडाची उत्तरेकडची भिंत त्या दिवसांत उन्हात येतच नाही. १५ डिसेंबर १८०३ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं किल्ला घेतला तो मुख्यतः याच उत्तर बाजूनं, कारण तिकडून तो पठाराला जोडलेला आहे आणि दक्षिणेला सरळ कडा आहे. ती उत्तरेची तटबंदी तुला काढायची असेल तर सावलीतली म्हणूनच काढ: तिच्या दगडावर उजेड मोज, आकाश जमेल तितकं कमी घे. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या बुरुजांवर चारनंतर तिरपं ऊन येतं, तेव्हा दगडावरचं कोरीव काम उठून दिसतं.

गार कॅमेरा उबदार खोलीत नेताना बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांध. दव पिशवीवर जमू दे, लेन्सवर नको.

प्रश्न : मला निसर्गापेक्षा माणसं काढायला आवडतात. मेळघाटातले बाजार, शेतातली कामं. पण फोटो काढताना संकोच वाटतो.
*वर्ध्याहून एक वाचक*

तुमचा संकोच जपा, तो चांगल्या जागेवरून आला आहे. दिवाळीनंतर मेळघाटात घुंगरू बाजार भरतात, गुरं राखणारे थाट्या बांधव ठेक्यावर नाचतात. तिथं बाहेरून आलेले कॅमेरेवाले नाचणाऱ्यांच्या मध्ये घुसतात, कोरकू आदिवासी बायांच्या तोंडासमोर लेन्स धरतात. हे मला सहन होत नाही. तो त्यांचा सण आहे. कॅमेरा पिशवीत ठेवून आधी राम-राम घाला, चहा घ्या, थोडी खरेदी करा. मग विचारा. नाही म्हटलं तर नाही. लहान मुलांचा फोटो असेल तर आई-बापाला विचारा. पैसे देऊन पोझ घेऊ नका. त्यापेक्षा फोटोची छापील प्रत पुढच्या बाजाराला नेऊन द्या. त्या प्रतीमुळे पुढच्या वेळी तुम्हाला ओळखून बोलावणारं माणूस भेटतं, आणि चेहऱ्यावरचा अवघडलेपणा गेलेला असतो. नाच धरायचा तर शटर १/२५० सेकंद. पायांची गती दिसायला हवी असेल तर १/३०, पण कॅमेरा खांबाला टेकवा.

शेतात कापूस वेचणीचे हेच दिवस. पांढऱ्या बोंडांनी कॅमेरा फसतो आणि वेचणारीचा चेहरा काळा पडतो. चार-साडेचारला जा, ऊन बाजूनं येऊ द्या. सऱ्यांमध्ये तूर असेल तर तिची पिवळी फुलं फोटोत आपोआप येतात. कंबरेला बांधलेल्या ओट्यात कापूस भरणारे हात जवळून काढा, बोंडाच्या वाळल्या टोकांनी ओरखडलेली बोटं दिसतील इतक्या जवळून. आणि मजुरी वजनावर असते, म्हणून कुणाला थांबवून ठेवू नका. त्या वेचत राहतील, तुम्ही सोबत चाला.

प्रश्न : मेळघाटात ड्रोन उडवता येईल का?
*एक वाचक, अकोट*

वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. हा १९७४पासूनचा व्याघ्र प्रकल्प आहे, आणि ड्रोनच्या आवाजानं पक्षी-जनावरं बिथरतात. राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर फोटोसाठी गाडीतून उतरणंही टाळा. चिखलदऱ्याच्या कड्यांवरून पायी दिसतं तेवढं पुष्कळ आहे. फक्त कठड्याच्या आत राहा, वाळलेल्या गवतावरून पाय सटकतो.