दुखत नाही, म्हणून दाखवलं नाही

मागच्या महिन्यात बडोद्यातल्या एका वसतिगृहात मुलांशी पुरुषांच्या आरोग्याविषयी बोलायला गेलो होतो. पाऊण तास बोललो. शेवटी तोंडी प्रश्न एकच आला, "सर, ग्रुप फोटो काढायचा का?" मग दाराशी बुटांचा रिकामा खोका ठेवला आणि म्हटलं, नाव न घालता चिठ्ठी टाका. खोका भरला. चिठ्ठ्या आठ-आठ घड्या घातलेल्या, काही गुजरातीत, काही मराठीत, आणि निम्म्यांची सुरुवात 'माझ्या एका मित्राला…' अशी. हा मित्र मला दवाखाना उघडल्यापासून भेटतो आहे. त्या चिठ्ठ्यांतले आणि वाचकांकडून आलेले काही प्रश्न इथे घेतो.

डावा वृषण उजव्यापेक्षा खाली लोंबतो. दोष आहे का?

नाही. बहुतेकांचा तसाच असतो. उभं राहिल्यावर वरच्या बाजूला गांडुळांच्या पुंजक्यासारख्या शिरा हाताला लागत असतील तर मात्र दाखवून घे.

झोपेत वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो का? स्टेशनजवळच्या भिंतीवर तशी जाहिरात आहे.

भिंती वाचणं सोड. शंभर थेंब रक्तातून एक थेंब वीर्य बनतं, हे गणित आजवर कुठल्याही प्रयोगशाळेत सुटलेलं नाही. या भीतीला 'धात सिंड्रोम' हे नाव डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली दिलं, म्हणजे तुझ्या आजोबांच्या तरुणपणीही तंबूवाले वैदू हाच धंदा करत होते. थकवा मात्र खरा असू शकतो. त्याच्या मुळाशी जागरण, चिंता, उदासी, कधी रक्त कमी असणं निघतं. ते साध्या फिजिशियनला विचार.

जिममधला ट्रेनर म्हणतो, पावडरने काही होणार नाही, इंजेक्शनचा एक 'कोर्स' कर. करू का?

नको. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या जुन्या तालमीच्या गावात हा प्रश्न यावा! बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना कळवतो, आता तुमची गरज नाही. वृषण आकसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. छाती पुरुषाची व्हावी म्हणून सुई टोचून घ्यायची आणि स्तन वाढले म्हणून माझ्यासमोर शर्ट काढायला लाजायचं, अशी मुलं मी पाहतो. इंजेक्शनं थांबवल्यावर गाडी रुळावर यायला महिनोन्महिने लागतात. आधीच घेतली असशील तर डॉक्टरला खरं सांग, आम्ही घरी फोन करत नाही.

रात्री दोनला उजव्या वृषणात असह्य कळ आली, उलटी झाली. तासाभराने आपोआप थांबलं. परीक्षा झाल्यावर दाखवलं तर चालेल?

चालणार नाही, आजच जा. वृषण स्वतःच्याच नाळेवर पिळला जातो आणि त्याचं रक्त तुटतं. साधारण ६ तासांत सोडवला तर बहुधा वाचतो, पुढे दर तासाला आशा कमी होत जाते. आपोआप सुटलेला पीळ पुन्हा पडू शकतो. पडला तर अपॉइंटमेंट घेत बसू नकोस, वॉर्डनला उठव आणि थेट सयाजी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.

डाव्या वृषणावर हरभऱ्याएवढा कडक खडा लागतो. तीन महिने झाले. अजिबात दुखत नाही. रूममेट म्हणतो, दुखत नाही म्हणजे काही नाही.

तुझा रूममेट कुठल्या वर्षाला आहे? वैद्यकीयच्या नक्कीच नसणार.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता सौम्यपणे उत्तर देता येत नाही. वृषणाचा कॅन्सर आपल्याकडे विरळा आहे, पण होतो तो मुख्यतः पंधरा ते पस्तीस या वयात, आणि त्याची गाठ बहुधा दुखतच नाही. दुखलं असतं तर तू पहिल्याच आठवड्यात आला असतास. एक मुलगा माझ्याकडे सहा महिन्यांनी आला. मधल्या काळात मेडिकलवाल्याने त्याला अँटिबायोटिकच्या तीन पट्ट्या दिल्या होत्या. खिशातून त्या रिकाम्या पट्ट्या काढून त्याने टेबलावर ओळीने मांडल्या, जणू मी पावती मागितली होती.

२०११ चा विश्वचषक आठवतो? युवराजसिंग खोकत, धापा टाकत खेळला आणि मालिकावीर ठरला. पुढे त्याच्या छातीत सेमिनोमा निघाला, वृषणात होणाऱ्या कॅन्सरच्याच कुळातला. २०१२ मध्ये केमोथेरपी झाली आणि त्याच वर्षी तो पुन्हा भारताकडून खेळला. हा आजार उपचारांना इतका चांगला दाद देतो, म्हणून तर उशिराचा संताप येतो.

करायचं एवढंच. महिन्यातून एकदा गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर अंगठा आणि बोटांमध्ये प्रत्येक वृषण हळूच फिरवून बघायचा. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागतं, ती गाठ नव्हे, तिला घाबरून रात्रभर जागू नका. वृषणावरच कडक काही लागलं तर त्याच आठवड्यात सर्जन किंवा युरोलॉजिस्ट गाठा. सोनोग्राफी होईल, एएफपी आणि बीटा एचसीजी अशा रक्ताच्या तपासण्या होतील. वरून सुई घालून 'बघू या' म्हणणाऱ्याकडून उठून यायचं. एक वृषण काढावा लागला तरी दुसरा निरोगी असेल तर संसाराला सहसा पुरतो. तू उद्या जा, आणि रूममेटलाही सोबत ने.

मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. दिवसभर झोपतो, फोन घेत नाही, यंदा गरब्यालाही गेला नाही. आळस म्हणावा की काय? – एक आई, कारेलीबाग

ताई, बडोद्याचा पोरगा नवरात्रात खोलीत पडून राहतो, याला मी आळस म्हणणार नाही. त्याच्याकडे जा. मार्कांचं काढू नका, सोबत जेवा आणि सरळ विचारा, "जगावंसं वाटत नाही असं होतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. २०२२ च्या राष्ट्रीय नोंदीत आत्महत्येने गेलेल्या दर १०० जणांत सुमारे ७२ पुरुष होते. तो 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. 'नाही' म्हणाला तरी याच आठवड्यात न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही चालतो, आणि तो तुम्हालाही लावता येतो.

आम्ही नोव्हेंबरमध्ये मिश्या वाढवून पुरुष-आरोग्य सप्ताह करणार आहोत. एक लॅब प्रोस्टेटच्या पीएसए या रक्ततपासणीसह सवलतीचं पॅकेज देते आहे. घ्यावं का?

विसाव्या वर्षी पीएसए? लॅबला नमस्कार करा. प्रोस्टेटच्या कॅन्सरची काळजी साधारण पन्नाशीची, तुमच्या वडिलांना सांगा. मिश्यांची मोहीम २००३ मध्ये मेलबर्नला ३० जणांनी सुरू केली, बोलायला निमित्त म्हणून. मिश्या वाढवा, पण मग बोला. त्या पैशांत संध्याकाळी सातनंतर समुपदेशक बसवा, कारण भर दुपारी वर्गासमोरून त्या खोलीत कुणी शिरत नाही. वृषण तपासून बघण्याची कृती छापून न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवा. आणि चिठ्ठ्यांचा खोका मी ठेवला तसा दाराशी ठेवू नका, कोण टाकतंय ते सगळ्यांना दिसतं. जिन्याखाली ठेवा.